अस्पष्टगर्भा : पाथरीकडील एका बाडाच्या निमित्ताने

परभणी जिल्ह्याच्या पाथरी तालुक्यातील एका जुन्या वैद्यघराण्यातले बाड गेल्या वर्षी आमच्या पाहण्यात आले. बाड लहान, कागद हातबनावटीचा, अक्षर बाळबोध, मधूनमधून मोडी टिपा. आरंभीची व शेवटची पाने गेलेली असल्यामुळे लेखक व लेखनकाल कळण्यास मार्ग नाही. मजकूर नेहमीचाच : ज्वर, कास, विंचवाचा उतारा, गुरांची औषधे, व अडलेल्या बाळंतिणीस दाखवावयाचे चक्रव्यूहाचे यंत्र. अशा बाडांत नवे म्हणावे असे सहसा काही नसते, व ह्यातही नाही. तथापि एकमेकांस लागून असलेली दोन पाने आम्हांस थांबवून गेली. पहिल्यावर माधवनिदानातील रक्तगुल्माचे श्लोक व त्यांखाली, विटाळ चुकल्यास गर्भ की गुल्म ह्याची परीक्षा करावी, अशा अर्थाची मोडी टीप. दुसऱ्यावर गर्भस्रावाचे आशौच किती रात्री धरावे ह्याचे कोष्टक. वैद्यक व धर्मशास्त्र ही दोन शास्त्रे येथे एकाच माणसाच्या हातून, एकाच प्रश्नासाठी, शेजारी शेजारी उतरली आहेत. तो प्रश्न असा की, ऋतू चुकला आणि गर्भ आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, ह्या मधल्या दिवसांत काय समजावे व काय करावे ?

बाडाच्या धन्यांनीही आम्हांस हेच विचारले. त्यांच्या विचारण्यास निमित्त घडले होते. ते पुढे सांगू.

ह्या मधल्या अवस्थेस आमच्या शास्त्रकारांनी नाव दिलेले आहे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या कारकीर्दीत झाली, आणि गोदातीरच्या ह्या मुलखात दायाचा निवाडा पुढे शतकानुशतके तिच्याच आधारे होत आला. दायविभागाच्या प्रकरणात तीत एक प्रसंग घेतला आहे. भाऊ निपुत्रिक वारला आणि वाटणीची वेळ आली, तर त्याच्या विधवेकडे पाहावे. ती स्पष्टगर्भा असेल तर प्रसूतीपर्यंत वाटणी थांबवावी. ती अस्पष्टगर्भा असेल, वाटणी होऊन गेली असेल व मागाहून पुत्र झाला असेल, तर इतरांनी आपापल्या वाट्यांतून त्याचा भाग काढून द्यावा. प्रतीक्षेच्या नियमाचे मूळ वसिष्ठाच्या धर्मसूत्रात आहे; स्पष्ट व अस्पष्ट हा भेद मिताक्षरेचा. विज्ञानेश्वर वैद्य नव्हता, पण न्यायाधीशाच्या दृष्टीने त्याने अचूक जागी बोट ठेवले : गर्भ असणे वेगळे व गर्भ कळणे वेगळे, आणि ह्या दोहोंमध्ये काही आठवडे जातात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या विसाव्या कलमाने हा भेद निकालात काढला. मृत्युसमयी गर्भात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले म्हणजे त्याचा हक्क मृत्यूपूर्वी जन्मलेल्या मुलाइतकाच.

ह्या संशयाचे वजन केवळ मिळकतीपुरते नव्हते. सहगमनाचा विचार करताना मिताक्षरा गर्भिणीस वगळते. बृहन्नारदीयातील म्हणून निबंधकार जे वचन देतात, त्यात गर्भिणीखेरीज जिचा ऋतू दिसलेला नाही तीही वगळलेली आहे. ह्या पदाचा अर्थ ऋतुप्राप्ती न झालेली असा करता येतो, व ऋतू चुकलेली असाही लावता येतो. दुसरा अर्थ घेतला तर नुसत्या चुकलेल्या पाळीच्या संशयावर एक जीव चितेवरून मागे येत असे. आम्हांस दुसरा अर्थ अधिक मानवतो, व तो केवळ व्याकरणासाठी नव्हे.

आता वैद्यकाकडे. चरकाने व्यक्त गर्भाची जी लक्षणे शारीरस्थानात दिली आहेत त्यांत पहिले आर्तवाचे अदर्शन. पुढे तोंडास पाणी सुटणे, अन्नावर वासना नसणे, ओकारी, आंबटाची आवड, स्तनाग्रांचा काळेपणा, पायांस किंचित सूज अशी मालिका आहे. आणि निदानस्थानात रक्तगुल्माचे वर्णन करताना हीच मालिका थोड्या फरकाने पुन्हा येते. म्हणजे ऋतू थांबला, ओकाऱ्या झाल्या, डोहाळे लागले, तरी पोटात गर्भ असेलच असे नाही. अशा स्त्रीस जे गर्भिणी ठरवून मोकळे होतात त्यांस चरकाने मूढ म्हटले आहे. ग्रंथकाराने इतक्या उघडपणे रागवावे असे प्रसंग चरकसंहितेत फार नाहीत, त्याअर्थी ही चूक त्या काळी वारंवार होत असली पाहिजे.

मग परीक्षा कशी करावी ? येथे दोन आकर ग्रंथांचे जमत नाही. चरकाच्या मते गुल्म हालतो, पण सबंध गोळा हालतो. गर्भ हालतो तो अवयवांनी. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात मात्र रक्तगुल्म हालतच नाही, व पोटही वाढत नाही, असे आहे. दोघांचाही रोख स्पंदनावर आहे, आणि स्पंदन तर चौथ्या-पाचव्या महिन्याशिवाय हातास लागत नाही. तोपर्यंत वैद्य आंधळाच. म्हणूनच दोघांनी एकच तोड काढली : चरक म्हणतो, दहावा महिना उलटल्यावर चिकित्सा करावी, सुश्रुत म्हणतो, गर्भाचा काळ ओलांडल्यावर. टीकाकारांत ह्यावर वाद आहे. काहींच्या मते हे थांबणे गर्भाच्या शंकेमुळे. काहींच्या मते लक्षणांनी भेद कळतोच, पण रक्तगुल्म जुना झाला म्हणजे सुखसाध्य होतो, म्हणून थांबावयाचे. आम्हांस पहिला पक्ष खरा वाटतो. सुश्रुताने गर्भकालाशीच मुदत बांधली आहे; केवळ जुनेपणाच हवा असता तर वर्ष किंवा सहा महिने म्हणण्यास कोणाची हरकत होती ?

दहा महिन्यांचे गणित करून पाहण्यासारखे आहे. हे करण्यास पाथरीइतके योग्य स्थळ नाही, कारण शके १४२५ (इ. स. १५०३) मध्ये सिद्धान्तसुंदर लिहिणारा ज्ञानराज ह्याच पार्थपुरचा. नाक्षत्र मास धरल्यास दहा महिन्यांचे २७३ दिवस होतात, चांद्र धरल्यास २९५, सावन धरल्यास ३००. आजचे प्रसूतितज्ज्ञ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजतात, व ४२ आठवड्यांपलीकडे गर्भ राहू देत नाहीत. ४२ आठवडे म्हणजे २९४ दिवस. दहा चांद्रमासांची मर्यादा हिला एका दिवसाच्या अंतराने येऊन मिळते. ज्याने ही मुदत घातली त्याने बाळंतपणे नीट मोजलेली होती.

घरोघरच्या बायकाही तिथीनेच मोजीत. नागपंचमीस बाहेर बसले होते, ही आठवण पंचांगापेक्षा पक्की. अठ्ठावीस दिवसांचा फेरा असेल तर पाळी दर खेपेस सुमारे दीड तिथी अलीकडे सरकते. तीच तिथी उलटून गेली की ओसरीवरच्या वडीलधाऱ्या बाईच्या ध्यानात येई. मराठीत ह्या अवस्थेस 'दिवस गेले' म्हणतात व 'दिवस राहिले' असेही म्हणतात. जाणे व राहणे ही विरुद्ध क्रियापदे येथे एकार्थी झाली आहेत, कारण मोजणे दोहोंतही आहे. 'दोन जिवांची' हा शब्दप्रयोग तर थेट शास्त्रातल्या कल्पनेस मिळतो. गर्भाचे हृदय प्रकट झाले म्हणजे स्त्री द्विहृदया होते व तिच्या तोंडून गर्भ आपली इच्छा बोलतो, असे मानून चरकाने हे तिसऱ्या महिन्यात व सुश्रुताने चौथ्यात घातले आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरासारख्या गायनाच्या ग्रंथातही आरंभी पिंडोत्पत्तीचे प्रकरण घालून कललापासून मासानुमास गर्भाची वाढ सांगितली. इतका हा विषय तेव्हाच्या विद्वानांच्या परिचयाचा होता.

इतके साहित्य हाताशी घेऊन महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या अस्पष्टगर्भेकडे वळू. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गंगाबाईच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४, वैशाख शुद्ध सप्तमी. दोन्ही तारखा सर्वमान्य. वधाच्या वेळी गंगाबाई गरोदर होती, असे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून रियासतीपर्यंत सर्वत्र आढळते, आणि ते खरेच आहे. पण त्या दिवशी हे कोणास माहीत असणे शक्य होते काय, हा प्रश्न आम्ही चाळलेल्या पुस्तकांत कोणी केलेला दिसला नाही.

दोन तारखांत २३१ दिवसांचे अंतर आहे. बाळंतपण नेमके पुऱ्या दिवसांचे धरले, तर २८० दिवस मागे जाता शेवटची पाळी १२ जुलै १७७३ च्या सुमारास, आषाढ वद्यात येते. पुढील पाळी ९ ऑगस्टच्या आसपास यावयाची. ती चुकल्यास वधाच्या दिवशी अवघे तीन आठवडे झालेले. बाळंतपण ३७ आठवड्यांचे मानले तर शेवटची पाळी २ ऑगस्टची ठरते, व वधाच्या दिवशी ती चुकलीसुद्धा नव्हती, यावयाचीच होती. उलट ४२ आठवडे धरले तर ती २८ जूनची, आणि वधापर्यंत नऊ आठवडे होतात. कसेही ताणले तरी फार तर एक पाळी चुकून दुसरी चुकण्याचा समय. नारळ-ओटीचा तर प्रश्नच नव्हे. विज्ञानेश्वराच्या भाषेत गंगाबाई त्या दिवशी अस्पष्टगर्भा होती.

आता ह्याच्याशी राजकारणाचा क्रम ताडून पाहावा. वधानंतर लगेच पेशवाईवर दादासाहेबांचा हक्क उघडपणे नाकारण्यास कोणी पुढे आले नाही. दादासाहेब वस्त्रे मिळवून निजामावर स्वारीस निघाले. बारभाईंची मसलत जमली ती त्यानंतर. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे ह्यांनी गंगाबाईस पुरंदर किल्ल्यावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू केला तो १७७४ च्या जानेवारीत. आमच्या गणिताने तेव्हा २५ ते २९ आठवडे झालेले, म्हणजे गर्भाची हालचाल हातास लागून दोन महिने लोटलेले. जी मसलत अस्पष्टगर्भेवर उभी राहू शकली नसती ती स्पष्टगर्भेवर उभी राहिली. स्वारीमुळे दादासाहेबांची पाठ फिरली हे कारण इतिहासकार देतात, व ते खोटे नाही. पण मुत्सद्द्यांच्या धीमेपणास पोटातल्या महिन्यांची गतीही कारण होती, असे आमचे मत आहे. नानासारखा सावध पुरुष तीन आठवड्यांच्या खोळंब्यावर राज्य पणास लावीत नाही.

सखारामबापू-नानांनी पत्करलेला धोका तरीही लहान नव्हता. मुलगी झाली असती तर ? मूल दगावले असते तर ? ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या बखरीत, गंगाबाईबरोबर आणखी काही गरोदर ब्राह्मण स्त्रिया किल्ल्यावर नेल्याची बोलवा नोंदली आहे. ही बोलवा खरी असो वा विरोधकांनी उठवलेली असो, ती उठली ह्यावरून लोकांस धोक्याची जाणीव होती एवढे सिद्ध होते. दादासाहेबांच्या पक्षाने औरसपणाविषयी जी कुजबूज चालवली तिचा निकाल मात्र साध्या वजाबाकीने लागतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ११२ व्या कलमाने पतीच्या मृत्यूनंतर २८० दिवसांच्या आत झालेले मूल औरस मानले, व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. येथे दिवस २३१. पुढे चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे.

ज्यांच्या संग्रही १७७३ च्या आश्विन-कार्तिकातील पत्रे असतील त्यांस आमची विनंती आहे. गंगाबाईविषयी कोणता शब्द कोणत्या मितीस प्रथम येतो तो टिपावा : नुसता संशय, दिवस गेल्याचा उल्लेख, की गरोदर असा स्पष्ट शब्द. खरेशास्त्र्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहातील पटवर्धनी पत्रेही ह्या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवीत.

बाडाच्या दुसऱ्या पानाकडे येऊ. गर्भस्रावाचे आशौच मासतुल्य रात्री, हा नियम मनुस्मृतीपासून चालत आलेला, काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूने (इ. स. १७९०) तो घरोघर पोहोचवला. पराशरस्मृतीत चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, व पुढे प्रसूती अशी सीमा आहे. आणि सुश्रुताच्या निदानस्थानात मूढगर्भाच्या अध्यायी हीच सीमा जवळजवळ त्याच शब्दांत आहे. कोणी कोणाकडून घेतले ह्याचा निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. पण कारण वैद्यकाचे आहे. चौथ्यानंतर शरीर स्थिर होते म्हणून ते पडते, त्यापूर्वी द्रवते, हे सुश्रुत सांगतो. धर्मशास्त्रास स्थिर-द्रवाशी कर्तव्य नव्हते, रात्री मोजण्याशी होते. म्हणून मूळ वचन वैद्याचे असावे, असे आम्ही समजतो.

चरकाचे ह्याविषयी एक कठोर वाक्य आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भिणीस रक्त दिसले तर गर्भ राहणार नाही असे समजावे, कारण तेव्हा त्यात सार उत्पन्न झालेले नसते. चौथ्यापुढे रक्त दिसल्यास मात्र मऊ, थंड बिछान्यावर डोके किंचित खाली करून निजवावे, तुपात भिजवलेला पिचू ठेवावा, इत्यादी विस्तार आहे. आजच्या शास्त्राने ह्यातले अर्धे उचलून धरले आहे. आरंभीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. त्यात आईचा जिना चढण्याचा, भांडी उचलण्याचा किंवा पपई खाण्याचा अपराध नसतो, व निजून राहिल्याने तो गर्भ टिकतही नाही. ज्या सासवा हे ऐकतील त्यांस चरकाचा 'अजातसार' हा शब्द सांगावा. उरलेले अर्धे मात्र आज टिकत नाही. आरंभीच्या तीन महिन्यांत थोडे रक्त दिसणाऱ्या गर्भिणी पुष्कळ असतात, चारांत एक म्हटले तरी चालेल, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांचे गर्भ पुढे सुखरूप वाढतात.

आणि एक गोष्ट ह्या सर्व ग्रंथांत नाहीच. गर्भ आहे की नाही, वाढतो की सुकतो (नागोदर, उपविष्टक, लीन ही नावे त्याचीच), द्रवतो की पडतो, हे सर्व त्यांनी पाहिले. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजू शकतो, हे त्यांस दिसले नाही. दिसणार तरी कसे ? नळी फुटून पोटात रक्त साठले म्हणजे स्त्री काही तासांत जाई, व लोक शूळ म्हणत, लागीर म्हणत. नळी फुटण्याचा काळ बहुधा सहाव्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंतचा, म्हणजे नेमका अस्पष्टगर्भेचा. लॉसन टेट ह्या बर्मिंगहॅमच्या शस्त्रवैद्याने १८८३ मध्ये अशी नळी काढून पहिली रुग्णा वाचवली. तीनच वर्षांनी, १८८६ मध्ये, आमच्या आनंदीबाई जोशी ह्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी घेतली. जुने व नवे ही दोन्ही शास्त्रे ज्यांच्या हातात एकत्र आली होती, त्या बाई दुसऱ्या वर्षी पुण्यास वारल्या. मूत्रपरीक्षेने गर्भ ओळखण्याची रीत १९२७-२८ मध्ये बर्लिनला निघाली, ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची १९५८ मध्ये ग्लासगोस. दहा महिन्यांची प्रतीक्षा तेव्हा संपली.

आता बाडाच्या धन्यांचे निमित्त. त्यांच्या घरातील एका सुनेची पाळी दोन आठवडे लांबली, मग थोडे थोडे अंगावरून जाऊ लागले व ओटीपोटात एका बाजूस कळ येऊ लागली. घरातील वृद्धांस बाडातले पाठ होते : दुसऱ्या महिन्यात रक्त दिसले, गर्भ राहावयाचा नाही, उपाय नाही, चार दिवस निजून राहावे. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मुलीस घेरी आली व खांदा दुखू लागला. गावातील आशाताईने हट्ट धरला, परभणीस नेले, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. नळी गेली, मुलगी वाचली. वचन चरकाचे, माणसे तिच्या मायेची. तरी दोन दिवस गेले ते गेलेच.

म्हणून धन्यांस आम्ही उत्तर दिले ते येथेही लिहितो. बाड जपावे, त्यातील एक अक्षर खोडू नये. पण ह्या दोन पानांवरून औषध अगर स्वस्थता घेऊ नये. पाळी आठवडाभर लांबली तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने सकाळच्या लघवीची परीक्षा घरीच होते. ती नसल्याचे सांगेल व पाळीही येणार नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. तरी न आल्यास दाखवावे, कारण गर्भाखेरीज अंगावर पाजणे, कंठग्रंथीचा विकार, वजनातील फेरफार, बीजकोशांचे विकार, मनाचा ताण अशी पाळी लांबण्याची कारणे अनेक आहेत. परीक्षेने गर्भ असल्याचे सांगितले, तर तो कोठे आहे हे आरंभीच सोनोग्राफीने पाहून घ्यावे. एका बाजूची कळ, घेरी, खांद्याचे दुखणे, वाढता रक्तस्राव, ह्यांतील एकही असेल, तर तिथी-वार न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

धन्यांनी हा मजकूर आमच्याकडून बाळबोधीत एका स्वतंत्र कागदावर लिहून घेतला, व त्या दोन पानांच्या मध्ये ठेवला आहे. पुढे हे बाड ज्यांच्या हाती पडेल त्यांनी तो कागद प्रक्षिप्त म्हणून काढून टाकू नये.